बोंडू कोणाचे?

परदेशी खरेदीदाराला चवथ, म्हणजे आमची गोव्याची गणेश चतुर्थी, समजावून सांगण्यात अर्थ नसतो. 2023 साली चवथ 19 सप्टेंबरला आली आणि युरोपातल्या एका गेम-प्रकाशक कंपनीच्या वकिलांनी कॉल लावला 22 तारखेला, शुक्रवारी. पणजीतलं माझं ऑफिस बंद, अशिलाचा पर्वरीतला स्टुडिओ बंद, पोरं आपापल्या गावी. अशिलाच्या घरचा गणपती पाच दिवसांचा, म्हणजे तो फोंड्याहून हलणार नव्हताच. शेवटी मीच लॅपटॉप घेऊन त्याच्या घरी गेले.

माझी वकिली मुळात जमीनजुमल्याची. वाटण्या, वारसावाटपाच्या इन्व्हेंटरी, कुळांचे खटले. सॉफ्टवेअरचे करार अलीकडे यायला लागले, कारण गावातली पोरं त्या धंद्यात शिरली आणि करार आला की ओळखीच्या वकिलाकडेच धावायची. हा त्यातलाच एक. स्टुडिओ दहा-बारा जणांचा, नावावर दोन गेम, पैकी एक परदेशात बऱ्यापैकी चाललेला. आता ती युरोपीय कंपनी अख्खा स्टुडिओच विकत घ्यायला निघाली होती. ड्यू डिलिजन्सची, म्हणजे खरेदीआधीच्या तपासणीची, प्रश्नावली महिनाभर आधीच आली होती. तिच्यात नेहमीचं सगळं होतं: नोकरीचे करार, जीएसटी, संगीत कोणाकडून घेतलं, फॉन्टचा परवाना आहे का. आणि एक प्रश्न स्वतंत्र कलम करून विचारलेला: या गेमांचे क्लाउड स्ट्रीमिंगचे, म्हणजे गेम लांबच्या मशीनवर चालवून इंटरनेटवरून दाखवण्याचे, हक्क कोणाकडे आहेत, कोणत्या देशांत, किती वर्षांसाठी, आणि ते एकट्यालाच दिलेत की अनेकांना.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी असा वेगळा काढून विचारला नसता. ‘सर्व प्रकारचे डिजिटल वितरण’ या चार शब्दांत तो मावला असता. तो वेगळा झाला लंडनमुळे.

जानेवारी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी 68.7 अब्ज डॉलरना घ्यायची घोषणा केली. ‘कॉल ऑफ ड्यूटी’, ‘कँडी क्रश’, ‘वॉरक्राफ्ट’ या गेमांची ती मालक. सगळ्यांना वाटलं भांडण होणार ते प्लेस्टेशनवरून, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ‘कॉल ऑफ ड्यूटी’ फक्त स्वतःच्या एक्सबॉक्सवर ठेवणार की काय यावरून. सोनीने त्याचीच बोंब मारली. पण ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने, सीएमएने, मार्च 2023 मध्ये कन्सोलचा मुद्दा सोडून दिला आणि 26 एप्रिलला क्लाउड गेमिंगच्या एकाच मुद्द्यावर सौदा अडवला. अजून पुरता उभाही न राहिलेल्या बाजारासाठी! गूगलची स्टेडिया ही क्लाउड गेमिंग सेवा तर 2023 च्याच जानेवारीत गाशा गुंडाळून गेली होती.

मला मात्र सीएमएचं ते वागणं पटलं होतं आणि आजही पटतं. तयार झालेल्या बाजारातली मक्तेदारी मोडायला नियामकाला वर्षानुवर्षं लागतात. बाजार रांगत असतानाच लक्ष घातलं तर काही हाती लागतं. सीएमएच्या हिशेबाने जगातल्या क्लाउड गेमिंगचा 60 ते 70 टक्के वाटा तेव्हाच मायक्रोसॉफ्टकडे होता. वर विंडोज त्यांची, ॲझ्युअरची डेटा सेंटर्स त्यांची, गेम पासचं सभासदत्व त्यांचं. त्यात ‘कॉल ऑफ ड्यूटी’ची भर पडली की नव्याने येणाऱ्याने काय दाखवून गिऱ्हाईक आणायचं?

असो. फोंड्याकडे वळते.

आमच्या अशिलाची गोची त्या वेगळ्या कलमातच होती. 2020 च्या लॉकडाउनमध्ये, पगार द्यायचे वांधे असताना, एका स्ट्रीमिंग सेवेने त्याला ठोक रक्कम दिली होती. त्या पैशावर स्टुडिओ तगला. बदल्यात त्याने सही केलेल्या करारात लिहिलं होतं की हा गेम आणि याचे पुढचे सगळे भाग जगभर स्ट्रीम करायचा हक्क फक्त त्या सेवेचा, आणि स्टुडिओची मालकी बदलली तर त्यांची लेखी संमती लागेल. करार माझ्याकडे आला तो खरेदीच्या वेळी, सहीनंतर तीन वर्षांनी. मधल्या काळात ती सेवा दुसऱ्याच कंपनीने घेऊन टाकली होती आणि करारातल्या पत्त्यावर पाठवलेली मेल परत येत होती.

कॉल दुपारनंतरचा होता. सकाळी आम्ही हॉलमध्ये, गणपतीवर फळांची बांधतात त्या माटोळीखालीच बसलो, कारण वायफाय तिथेच धड चालत होतं. डोक्यावर सुपारीचे शिपटे, तोरिंगं, चिबूड, आंबाडे. मधूनच एखादा आंबाडा गळून कीबोर्डवर पडायचा. वहिनी, म्हणजे अशिलाची बायको, स्टुडिओचे हिशेब बघते. ती एका हाताने आल्यागेल्याला नेवऱ्या देत होती आणि दुसऱ्या हाताने 2020 चे इन्व्हॉइस शोधत होती.

अशिलाचे वडील निवृत्त शिक्षक. समोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलेले, पण कान आमच्याकडे. अखेर त्यांनी विचारलंच, “बाय, गेम ह्याने केला, विकणार हा, मग मधे हा तिसरा कोण?”

मी सांगितलं की काका, एरवी गेम गिऱ्हाइकाच्या मशीनवर उतरतो आणि तिथेच चालतो. स्ट्रीमिंगमध्ये तो चालतो कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या मशीनवर. गिऱ्हाइकाच्या फोनवर किंवा टीव्हीवर येतं फक्त चित्र आणि आवाज. त्याने दाबलेलं बटण उलट तिकडे जातं. म्हणून गेम विकणं हा एक हक्क आणि तो असा लांबून चालवून दाखवणं हा दुसरा. हे दोन हक्क दोघांना देता येतात.

काका क्षणभर थांबले. “म्हणजे काजूचं झालं. बिया बागायतदाराच्या, फळं म्हणजे बोंडू फेणीच्या भट्टीवाल्याचे.”

“अगदी तसंच. आणि बाग विकायला काढल्यावर गिऱ्हाईक विचारतंय, बोंडू कोणाचे?”

“मग भट्टीवाल्याला विचारा.”

“भट्टीवालाच सापडत नाही, काका.”

त्याच दिवशी बातमी आली. ब्रिटनमध्ये अडल्यावर मायक्रोसॉफ्टने ऑगस्टमध्ये सौद्याची नव्याने मांडणी केली होती: ॲक्टिव्हिजनच्या तेव्हाच्या सगळ्या आणि पुढच्या 15 वर्षांत निघणाऱ्या पीसी व कन्सोल गेमांचे क्लाउड स्ट्रीमिंगचे हक्क युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीला विकायचे आणि उरलेली ॲक्टिव्हिजन आपण घ्यायची. 22 सप्टेंबरला सीएमएने या मांडणीला तात्पुरता हिरवा कंदील दाखवला. म्हणजे काकांचं गणित लंडनलाही मान्य होतं. बिया मायक्रोसॉफ्टच्या, बोंडू युबीसॉफ्टचे.

मी ती बातमी उभ्याउभ्याच नीट वाचून काढली, कारण त्यात माझ्या कामाचं एक वाक्य होतं. सीएमएची उरलेली शंका अशी होती की युबीसॉफ्टला दिलेल्या हक्कांच्या अटींना वळसा घातला जाईल, त्या रद्द होतील किंवा कोणी त्या अमलातच आणणार नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टने वरून हमी दिली की या अटी सीएमए स्वतः अमलात आणू शकेल. हक्क कागदावर वेगळा काढला एवढ्याने भागत नाही. तो मोडला तर हात कोण धरणार हेही लिहावं लागतं.

याच मुद्द्यावर युरोप आणि ब्रिटन यांची तोंडं दोन दिशांना होती. मायक्रोसॉफ्टने आधी एनव्हिडियासारख्या सेवांशी 10-10 वर्षांचे करार करून ठेवले होते, आमचे गेम तुम्हीही स्ट्रीम करा म्हणून. सीएमएचं म्हणणं, असल्या वागणुकीच्या वचनांवर वर्षानुवर्षं पाळत ठेवावी लागते आणि बाजार कसा वाढेल हे आधीच ठरवून टाकल्यासारखं होतं. 15 मेला युरोपीय आयोगाने जवळपास तसलीच वचनं मान्य केली. ज्याने गेम विकत घेतलाय त्याला तो आपल्या पसंतीच्या सेवेवर स्ट्रीम करू द्यायचा, 10 वर्षं, फुकट परवान्यावर. म्हणून युबीसॉफ्टला मिळालेला एकहाती हक्क युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या बाहेरचा. आत तो एकट्याचा नाही. अमेरिकेत एफटीसी, म्हणजे तिथली स्पर्धा नियामक, कोर्टात गेली आणि जुलैमध्ये न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी तिची स्थगितीची मागणी फेटाळली. एकच सौदा, तीन दरबार, तीन निकाल. ज्यांना वाटतं कायदा म्हणजे गणित, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

कॉल सुरू झाला तो अपेक्षेप्रमाणेच. समोरच्या वकीलबाईंना हवी होती साधी सरळ वॉरंटी, म्हणजे करारातली लेखी हमी: स्ट्रीमिंगचे हक्क दुसऱ्या कोणाकडेही नाहीत. अशील मान डोलवायला लागला. त्याला वाटलं, जुनी सेवा गायब झालीय, मेल परत येतेय, म्हणजे करार मेला. मी माइक बंद करून त्याला म्हटलं, “बाबा रे, कंपनी विकली म्हणून तिचे करार मरत नाहीत. नवा मालक उद्या उभा राहिला तर ही वॉरंटी तुझ्या गळ्यात येईल, आणि मिळालेल्या पैशातून परत भरपाई करत बसशील.”

मग मी डिस्क्लोजर शेड्यूलमध्ये, म्हणजे हमीला असलेले अपवाद उघड करायच्या यादीत, तो करार जसाच्या तसा टाकला आणि त्यांच्यापुढे दुसरी मांडणी ठेवली. पहिल्या गेमचं स्ट्रीमिंग मुदत संपेपर्यंत जुन्या सेवेकडेच राहू दे, पण ‘फक्त’ हा शब्द जाईल. पुढच्या भागांवरचा हक्क ती सोडेल. संमतीचं पत्र येईपर्यंत किमतीचा एक हिस्सा एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यात, राहील. वकीलबाईंनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच हसल्या. सकाळची बातमी त्यांनीही वाचली होती, हे त्यांच्या पुढच्या प्रश्नावरूनच कळलं: “आणि पत्रातल्या अटी त्यांनी पाळल्या नाहीत तर दाद कोण मागणार, तुम्ही की आम्ही?” यावर तासभर गेला. ठरलं की दोघांनाही मागता येईल.

याच्या मध्येच वहिनी इन्व्हॉइस घेऊन आली. तिला जुन्या सेवेच्या हिशेबखात्याची एक वेगळीच मेल सापडली होती, टीडीएसच्या सर्टिफिकेटवरून झालेल्या पत्रव्यवहाराची. धंद्याची माणसं बदलतात, हिशेबाची सहसा टिकतात. त्या पत्त्यावर तिने तिथेच बसून मेल टाकली. सोमवारी उत्तर आलं, नव्या मालक कंपनीच्या कायदेविभागाच्या पत्त्यासकट.

एक गोव्याची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. सही करणाऱ्यांच्या यादीत मी वहिनीचं नाव घातलं तेव्हा तिकडून विचारणा झाली, या तर भागधारक नाहीत? आमच्याकडे पोर्तुगीज दिवाणी कायद्याच्या वारशामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. शेअर एकट्याच्या नावावर असले तरी मी जोडीदाराची संमती घेऊन ठेवते. 1961 च्या आयकर कायद्यातही आमच्यासाठी कलम 5अ होतं, पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मंनिम्मं धरणारं. हे सगळं सांगून झाल्यावर पलीकडे बराच वेळ कोणी काही बोललं नाही. काका मात्र खूश. सुनेकडे बघून म्हणाले, “बघ, तुझ्या सहीशिवाय युरोपचं चालत नाही.”

आमच्या सौद्याकडे कुठल्याही नियामकाने ढुंकून पाहिलं नाही. भारतात तेव्हा घेतल्या जाणाऱ्या कंपनीची इथली मालमत्ता 350 कोटींपर्यंत किंवा उलाढाल 1000 कोटींपर्यंत असेल तर स्पर्धा आयोगाकडे जावंच लागत नसे. आमचा स्टुडिओ त्या आकड्यांच्या आसपासही फिरकत नव्हता. 10 सप्टेंबर 2024 पासून सौद्याच्या किमतीचा निकष आला. सौदा 2000 कोटींच्या वरचा आणि कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असेल तर उलाढाल कमी असली तरी आयोगाला कळवावं लागतं. डिजिटल सेवेचे जगातले 10 टक्के वापरकर्ते भारतात असले तरी तो भरीव व्यवसाय ठरतो. मोबाइल गेमच्या कंपन्यांना हे लागू पडायला वेळ लागणार नाही. आमच्यापर्यंत तो कायदा पोचायचा प्रश्नच नव्हता. तरीही त्या दिवशी आम्ही लिहिलेली जवळजवळ प्रत्येक ओळ लंडन आणि ब्रुसेल्सच्या भांडणातून आलेली होती.

13 ऑक्टोबरला सीएमएने अंतिम मंजुरी दिली आणि मायक्रोसॉफ्टने त्याच दिवशी सौदा पुरा केला. आमचं संमतीपत्र यायला त्याहून वेळ लागला. नव्या मालकाने पुढच्या भागांवरचा हक्क सोडायचे थोडे पैसे मागितले, ते एस्क्रोतून गेले. अशिलाला ते अजून खुपतं. “वापरलंच नाही त्या हक्काचे पैसे का द्यायचे, ताई?” म्हणतो. वापरला नाही म्हणून हक्क परत येत नाही, तसं लिहून घ्यावं लागतं, हे मी त्याला परत परत सांगते.

युबीसॉफ्टला हक्क देण्याची युक्ती मात्र मला पुरती पटलेली नाही. ती स्वतः गेम काढणारी, स्वतःची सबस्क्रिप्शन विकणारी कंपनी. ॲक्टिव्हिजनचे गेम दुसऱ्यांना स्वस्तात पुरवण्यात तिला किती रस असणार? हक्क मायक्रोसॉफ्टच्या हातून काढला हे खरं. तो धडपडणाऱ्या एखाद्या छोट्या सेवेच्या हाती पोचला का, हे बघण्यात मला जास्त रस आहे.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या गेमच्या प्रत्येक करारात स्ट्रीमिंगचं कलम वेगळं असतं, आणि त्यात एक ओळ पक्की: ठरल्या मुदतीत सेवेवर गेम चढवला नाही तर हक्क आपोआप स्टुडिओकडे परत. गेल्या महिन्यात एका वितरकाने नेमकी तीच ओळ खोडून मसुदा परत पाठवला. मी ती पुन्हा घालून पाठवलीय, या वेळी लाल रंगात.