नवरा पश्चिमचा, मी पूर्वेची

जानेवारी 2026 च्या नाशिक महापालिका निवडणुकीआधी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज रात्री निकाल लागायचा. जेवणं उरकली की खुर्च्या खाली यायच्या. कोणाचं तिकीट कापलं, कोण बंडखोरी करणार, चार जागांच्या प्रभागात पॅनलमधली तीन बटणं पक्षाला आणि चौथं ‘आपल्या माणसाला’ पडलं तर कोण बुडणार, यावर उशिरापर्यंत खल चालायचा. 2017 नंतर थेट तेव्हाच निवडणूक होत होती, मार्च 2022 पासून प्रशासकाचा कारभार, त्यामुळे हौस साचलेली होती. मीही बसायचे. 2012 ला मनसेचे 40 नगरसेवक होते, पाच वर्षांनी 5 उरले आणि भाजपचे 66 झाले, तेव्हा नाशिकमध्ये कोणी छाती ठोकून काही सांगू नये, हे मी दर दोन दिवसांनी सांगायचे. ऐकायचं कोणी नाही.

एकदा तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा म्हणाला, “काकू, लाखाचा व्यवहार मोबाईलवर होतो, मग मत का नाही? रांगा लावायच्या म्हणजे काय!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, तुझं नाव कुठल्या यादीत आहे? तर गावाला, धुळ्याकडे. सिडकोत राहून वर्षं झाली. म्हटलं, बाळा, मोबाईल दिला हातात, पण मत कुठल्या प्रभागाला टाकशील? आणि मग मतदार यादीत पत्ता बदलायचा माझा 2024 चा फॉर्म आठ बाहेर निघाला. त्याला तोंडी सांगितलं तेच इथे लिहिते. राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे सूर तसाच लागेल.

आम्ही पंचवटीतून सिडकोत आलो. एकाच शहरात, पण विधानसभेच्या हिशेबात पंचवटी नाशिक पूर्व, क्रमांक 123, आणि सिडको नाशिक पश्चिम, 125. लोकसभेला दोन्ही एकाच मतदारसंघात, म्हणून 20 मे 2024 ला जुन्याच शाळेत जाऊन मत देऊन आलो. विधानसभेला मात्र ते चाललं नसतं. पाणी इकडे भरायचं आणि आमदार तिकडचा निवडायचा, याला काय अर्थ! पावसाळा लागला तेव्हा नवरा आणि मी, दोघांनी एकाच संध्याकाळी, एकाच लॅपटॉपवरून, एकाच घराची तीच कागदपत्रं जोडून फॉर्म आठ भरला.

नव्या नावाला फॉर्म सहा, नाव वगळायला सात, आणि पत्ता बदल, दुरुस्ती किंवा हरवलेलं कार्ड असेल तर आठ. 2022 पासून घर बदललं तरी आठच. कोणी सांगेल की नवीन सहाच भरून टाका, लवकर होतं. भरू नका. नाव दोन्हीकडे राहतं आणि ते कायद्याला चालत नाही. कार्डाचा नंबर आठमध्ये तोच राहतो, पत्ता नवा येतो.

नवऱ्याचा अर्ज कसा मंजूर झाला ते मला आठवतही नाही. झाला.

माझ्या अर्जापुढे ‘बीएलओ नेमले’ एवढंच. बीएलओ म्हणजे घरी येऊन पडताळणी करणारे मतदान केंद्राचे अधिकारी. आठवडे गेले, शब्द तोच. नवऱ्याच्या पडताळणीला आलेल्या ताई अंगणवाडी सेविका होत्या. त्यांना विचारलं तर त्यांनी मोबाईलवर त्यांची यादी दाखवली, तीत माझं नाव नव्हतं. आमची इमारत मतदार यादीच्या दोन भागांच्या शिवेवर आहे. नवऱ्याचा अर्ज एका भागात पडला, माझा शेजारच्या. घर एक, दरवाजा एक, बीएलओ दोन. दुसऱ्या बीएलओंचा नंबर 1950 वर फोन केल्यावर मिळाला. हा नंबर लक्षात ठेवा, सगळ्या प्रकरणात एका फटक्यात काम तिथेच झालं. त्या बाई म्हणाल्या, तुमची इमारत माझ्याकडे येत नाही, मी पडताळणी कशी करू? बरोबरच होतं त्यांचं. पोषण आहार, लसीकरण, सर्वेक्षण हे सगळं सांभाळून वर हे काम, फोन स्वतःचा, पेट्रोल स्वतःचं. त्यांच्यावर मी आवाज चढवला नाही. तो मी कचेरीसाठी राखून ठेवला.

कचेरी कुठली ते लिहीत नाही. खिडकीवरचे साहेब माझा अर्ज उघडून म्हणाले, “मॅडम, भाग आम्ही बदलून देऊ हो. पण पुरावा बरोबर नाही.”

“कुठला?”

“लाईट बिल तुमच्या नावाचं नाही.”

“ते नवऱ्याच्याही नावाचं नाही. आधीच्या मालकाच्या नावाचं आहे, महावितरणकडे नावबदलाला टाकलंय. म्हणून तर इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, जोडलं.”

“इंडेक्स टू मिस्टरांच्या नावाने आहे.”

“दोघांच्या आहे. माझं नाव दुसरं आहे.”

“आम्ही पहिलं नाव बघतो.”

पहिलं नाव बघतो! हप्ता माझ्या पगारातून जातो, सही माझी आहे, अंगठे दोघांचे घेतलेत, आणि हे पहिलं नाव बघतात. मी म्हटलं, मग ज्या घरात पहिलं नाव सासऱ्यांचं, तिथल्या सुनांनी मत द्यायचं नाही का? त्यावर ते म्हणाले, जेवणाची सुट्टी आहे, नंतर या.

नंतर गेले तर तिथे दुसरे होते. त्यांचं म्हणणं, तुमचं जुनं नाव पंचवटीत आहे ना, मग आधी तिकडून वगळून आणा. हे साफ चूक. पत्ताबदलाचा आठ मंजूर झाला की जुनी नोंद त्याच व्यवहारात निघते, आपण सात भरायला पळायचं नसतं. मी तसं सांगितलं तर म्हणे, तुम्हाला एवढं माहीत आहे तर आम्हाला कशाला विचारता. पुढच्या खेपेला पुन्हा पहिले साहेब, पुन्हा लाईट बिल. मधे गणपती येऊन गेले. घरात नवरा चिडवायचा, “आमच्या पश्चिमेत तुम्हा पूर्वेच्या लोकांना चहा मिळत नाही.” दोन दिवस गंमत वाटली, नंतर चहा त्यालाच करायला लावला.

शेवटी एका रात्री मी फॉर्म आठ प्रिंट काढून अथपासून इतिपर्यंत वाचला. आपण फॉर्म भरतो, वाचत नाही. पत्त्याच्या पुराव्याच्या रकान्यात लिहिलंय की पुरावा अर्जदाराच्या नावाचा चालतो, किंवा आई-वडील, पती-पत्नी, सज्ञान मुलगा-मुलगी यांच्यापैकी कोणाच्याही नावाचा, ती व्यक्ती त्याच पत्त्यावर आधीच मतदार असेल तर. आणि खाली यादीत नोंदणीकृत खरेदीखत छापलेलं आहे, लाईट बिलाइतक्याच ठसठशीत अक्षरात. म्हणजे इंडेक्स टूवर माझं नाव अजिबात नसतं तरी चाललं असतं! नवरा पश्चिमच्या यादीत लागला त्या दिवसापासून माझा पुरावा पूर्ण होता.

ते वाक्य पिवळ्या पेनने रंगवलं. नवऱ्याचं नाव असलेलं यादीचं पान काढलं, लग्नाचा दाखला घेतला आणि गेले. खिडकीवर न थांबता थेट आत. आत नायब तहसीलदार होते. त्यांनी रंगवलेली ओळ वाचली, पान बघितलं, खिडकीवरच्या साहेबांना बोलावलं आणि म्हणाले, “यांचं काय अडलंय?” साहेब म्हणाले, “काही नाही सर, भाग बदलायचा होता.”

काही नाही! मला तिथेच खुर्ची उचलावीशी वाटली. पण सहीची वाट बघत होते म्हणून गप्प बसले.

यानंतर भाग बदलला, आधीच्याच अंगणवाडीच्या ताई येऊन फोटो जुळवून गेल्या. अर्ज आक्षेपांसाठी किमान सात दिवस जाहीर ठेवतात, त्याआधी कोणालाच मंजूर करता येत नाही, त्यामुळे त्या आठवड्यात फोन करून उपयोग नसतो. दसऱ्याच्या सुमारास ‘स्वीकृत’ असा मेसेज आला. 15 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, आणि नाव नोंदवायची शेवटची तारीख 19. हे गणित सगळ्यांनी लक्षात घ्या: उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या दहा दिवस आधी दार बंद होतं. आपण जागे होतो प्रचाराच्या रिक्षा फिरायला लागल्यावर, तेव्हा काही होत नाही.

आणि अर्ज नाकारलाच तर रडत बसू नका. लेखी कारण मागा, पंधरा दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपील करता येतं. मला तिथवर जावं लागलं नाही. पण हे नुसतं बोलून दाखवल्यावर खिडकीचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

20 नोव्हेंबरला, बुधवारी, आम्ही दोघं एकाच रांगेत होतो. बटण दाबलं, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसली, पडली. सात सेकंद मी मोजले. पार्किंगमधल्या तज्ज्ञांनी पश्चिमेत घासून होणार असं सांगितलं होतं. भाजपच्या सीमा हिरे मोठ्या फरकाने सलग तिसऱ्यांदा आल्या. दुसऱ्या क्रमांकावरचे ठाकरे गटाचे सुधाकर बडगुजर जून 2025 मध्ये भाजपमध्येच गेले. तेव्हा कोणाच्या ‘चान्स’वर पैज लावायची ते ज्याने त्याने ठरवावं. दिंडोरी तर आपल्या शेजारीच. तिथे 2024 च्या लोकसभेला राष्ट्रवादी शरद पवार गटाचे भास्कर भगरे निवडून आले, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. आणि भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला, चिन्ह नुसती तुतारी, लाखावर मतं पडली. असला गोंधळ कुठलं अॅप निस्तरणार? विधानसभेआधी पक्षाने ते चिन्ह गोठवायला सांगितलं, आयोगाने ते ठेवलंच.

मोबाईल मतदानाला माझा विरोध म्हातारपणाचा नाही. बँकेत पैसे चुकीचे गेले तर स्टेटमेंट निघतं, तक्रार करता येते. मताचं स्टेटमेंट निघालं तर ते गुपित राहत नाही, आणि नाही निघालं तर बरोबर पडलं हे कशावरून? शिवाय घरात बसून मत द्यायचं तर शेजारी कोण उभं आहे हे कोण बघणार. पंचवटीत आमच्या जुन्या गल्लीत असे दोन-तीन ‘शेजारी उभे राहणारे’ मला ठाऊक आहेत. एस्टोनियात 2005 पासून इंटरनेटवर मतदान होतं. त्यांची अख्खी लोकसंख्या आपल्या नाशिक शहराच्या आसपास भरेल.

सुधारणा हवीच असेल तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बघा. अर्धा खानदेश आणि उत्तर प्रदेश-बिहारची माणसं तिथे राबतात, नावं गावाकडे. त्यांच्यासाठी आयोगाने एका मशीनवर 72 मतदारसंघ चालतील असं दूरस्थ मतदान यंत्र तयार केलं होतं. जानेवारी 2023 मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं, पक्षांनी हरकती घेतल्या, आणि ते तिथेच राहिलं. बूथची मतं एकत्र मिसळून मोजणाऱ्या टोटलायझरचं तसंच, आयोग मागतोय आणि सरकारला नको. कसं हवं असेल! बूथवार आकडे जाहीर होतात म्हणून तर ‘तुमच्या गल्लीतून इतकीच पडली’ असं नगरसेवक तोंडावर सांगू शकतो, आणि आमच्या पार्किंगला रात्रभराचं खाद्य मिळतं.

मधेच आठवलं: भाड्याने राहणाऱ्यांनी भाडेकरार नोंदणीकृतच करावा, तो पुरावा म्हणून चालतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे आहे, त्याला समोर बसवून आठ भरून घेतला. अर्जाचा संदर्भ क्रमांक आला की लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा. घरात 85 च्या पुढचं कोणी असेल तर विधानसभा-लोकसभेला घरून मत देता येतं, त्याला फॉर्म 12 ड, पण अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. शेजारच्या आजींचा त्यात हुकला. आणि केंद्रावर नुसती मतदार चिठ्ठी घेऊन जाऊ नका, ती ओळखपत्र धरत नाहीत.

आता महापालिकेचं. राज्य निवडणूक आयोग वेगळी यादी करत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतो, आणि 2026 च्या निवडणुकीला 1 जुलै 2025 ची धरली होती. त्यानंतर मंजूर झालेलं नाव त्या खेपेला मिळणार नव्हतं. शिवेवरच्या इमारतींनी प्रभागाची यादी डोळ्यांनी बघावी. आमच्या विंग दोन आहेत, बघितल्याशिवाय मी कोणावर विश्वास ठेवणार नाही. 31 पैकी 29 प्रभागांत चार जागा आहेत, दोनांत तीन. जितक्या जागा तितकी बटणं दाबायची, एखादीत कोणीच नको असेल तर तिथे नोटा. आणि महापालिकेला व्हीव्हीपॅट नाही, चिठ्ठी दिसली नाही म्हणून आत गोंधळ घालू नका.