चांदवडच्या पुढे, एप्रिल अखेरीस

नाशिकच्या ठक्कर बाजार स्टँडवरून मालेगावची एसटी पकडली तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. ही पहिली चूक. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्या वेळेला चांदवडकडे शहाणं माणूस निघत नाही. पिंपळगाव बसवंतपर्यंत द्राक्षबागांची सोबत होती. द्राक्षं निघाल्यावरची खरड छाटणी होऊन गेलेली, ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, बोटभर पोपटी फुटवे. वडाळीभोई मागे पडलं आणि हिरवा रंग संपलाच. डाव्या हाताला सातमाळ्याची रांग भाजलेल्या विटेसारखी. याच जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. घाट चढतानाच ढग रिकामे होतात, आणि इथवर त्याचा पाव हिस्साही पोचत नाही.

फाट्यावर मावसा मोटारसायकल घेऊन उभे. "उन्हाचीच आलीस का पोरी?" एवढंच म्हणाले आणि डोक्यावरचं उपरणं काढून मला दिलं.

उन्हाळ्यात शेतकऱ्याला जरा उसंत असते, असं मला उगाच वाटायचं. मावशीच्या अडीच एकरांत दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. दोन गायींचं दूध, शेण, चुलीवरचा चहा, आणि सहाला कांदा कापायला बायांची टोळी हजर. अकराला काम थांबतं. मग चारपर्यंत कडुनिंबाखाली गायी, कुत्रं आणि माणसं एकाच सावलीत सरकत राहतात. मावशी मात्र त्या वेळातही कुरडया उलथत असते. तिला बस म्हणायची सोय नाही.

विहीर साठ फुटांची. आत उतरायच्या लोखंडी कड्यांवरून मावसा पाण्याचा अंदाज घेतात. मी गेले त्या दिवशी खालून तिसरी कडी पाण्यात होती. मोटर पाऊण तास चालते, मग हवा ओढायला लागते. पुन्हा झरा साचेपर्यंत थांबायचं. तेवढ्या पाण्यात गायी, घर आणि चार सरी घास, म्हणजे गायींचा हिरवा चारा. त्यातही त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती, म्हणजे एक वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर. मी एकदाच गेले सोबत. दुसऱ्या रात्री झोपेचं सोंग घेतलं, हे इथे कबूल करते.

खरी गंमत कांद्याची. उन्हाळ कांद्याची निम्म्याच्या वर पात आपोआप आडवी झाली, म्हणजे मान पडली, की तो काढायला आला. त्याआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडलेलं असतं. उपटलेला कांदा ओळीत असा मांडायचा, की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जावेत. तीन-चार दिवस तसाच सुकवायचा, मग पात कापायची. मी हौसेने विळा घेतला आणि पहिले दहा-बारा कांदे अगदी बुडापासून साफ केले. शेजारच्या आजीबाईंनी ते निमूटपणे वेगळे काढले. "हे आजच भाजीला न्या. दोन बोटं मान ठेवावी लागते, नाहीतर चाळीत सडतो." संध्याकाळच्या पिठल्यात माझेच कांदे होते.

गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, एकीकडे, जोड कांदा दुसरीकडे, उरलेला चांगला साठवणीच्या चाळीत. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर उचललेली, खालून आणि बाजूंनी वारा खेळणारी. नीट सुकलेला कांदा तिथे चार-पाच महिने टिकतो, मात्र वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. म्हणून मे महिन्यात घरोघरी एकच वाद: आता विकायचा की ठेवायचा? मावशी म्हणत होती, निम्मा लासलगावला घालून मोकळे व्हा. मावसा गप्प. त्यांनी ८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी पाहिली आहे, ४ मे २०२४ ला ती उठली तेही पाहिलं आहे. पुढे ४० टक्के निर्यातशुल्क होतंच. वारा, ऊन, पाणी यांचा हिशेब त्यांना जमतो. दिल्लीतला कागद कधी निघेल, याचा नाही. तीन दिवसांत हा वाद पाच वेळा झाला आणि प्रत्येक वेळी चहावर थांबला.

तिसऱ्या रात्री पश्चिमेकडून वारा सुटला. आधी पत्रे वाजले, मग मातीचा वास आला. मला तो वास आवडतो, पण मावशी "ताडपत्री!" असं ओरडत अनवाणी पळाली. वावरात पाऊण एकराचा कापलेला कांदा ढीग लावून उघडा पडला होता. आम्ही चौघं आणि शेजारच्या मळ्यातले दोघं. वारा ताडपत्री हातातून ओढत होता. मी एका कोपऱ्यावर चक्क झोपले, मावसा दगड आणून ठेवत गेले. पाऊस? मोजून वीस-पंचवीस थेंब. ढग तसेच पुढे मनमाडकडे गेले.

परत येताना मावशीचं हसू थांबेना. मावसा ओट्यावर बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "निम्मा घालून टाकू सोमवारी."

निघताना मी विहिरीत डोकावले. तिसरी कडी कोरडी होती. मावशीने पाच किलो कांदा पिशवीत भरला, वर सुकलेल्या डेंगळ्यांचे, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यांचे, दोन गोंडे ठेवले. घरचं बी आहे, कुंडीत टाकून बघ म्हणाली. बसमध्ये कंडक्टरने तिकिटाआधी पिशवीकडे पाहिलं. "गावठी दिसतोय. काय भावाने गेला?"

"अजून चाळीतच आहे," मी म्हणाले, आणि तो पुढच्या फाट्यापर्यंत माझ्याच सीटशी टेकून स्वतःच्या कांद्याबद्दल बोलत राहिला.