खुराखालचा बर्फ

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहातलं लॉन्गइयरबेन गाव मागं टाकून आम्ही अ‍ॅडव्हेंटडालेनच्या दरीत शिरलो आणि गाइडनं हात वर करून स्नोमोबाइल थांबवल्या. त्याच्या खांद्याला रायफल होती. गावाबाहेर ध्रुवीय अस्वल कुठंही गाठू शकतं. समोर मात्र रेनडिअरची एकटीच मादी उभी होती. पुढच्या खुरानं ती जमीन खरवडत होती. टक्, टक्. भुसभुशीत हिमाचा हा आवाज नव्हता, दगडावर दगड आपटावा तसा होता.

स्वालबार्डचं रेनडिअर बुटकं, आखूड पायांचं, गुबगुबीत केसाळ. दुर्बिणीतून मी तिच्या नाकाकडे बराच वेळ पाहत राहिले. श्वास बाहेर पडण्याआधी त्यातली ऊब आणि ओल आतल्या नाजूक पापुद्र्यांच्या गुंडाळ्या परत शोषून घेतात. पायांतही तीच काटकसर. खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला ऊब देऊन टाकतं, म्हणून खूर बर्फावर असला तरी अंगातली उष्णता वाया जात नाही. उणे 18 अंशांत मी तीन थरांच्या कपड्यांत कुडकुडत होते आणि ती निवांत.

थंडीनं ती मरणार नाही. तिला धास्ती आहे ती हिवाळ्यातल्या पावसाची. चार दिवसांपूर्वी इथं पाऊस पडला, मग पुन्हा गोठलं, आणि गवत-शेवाळावर कडक बर्फाचं झाकण बसलं. 2019 साली नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना इथं सुमारे 200 रेनडिअर उपासमारीनं मेलेले आढळले. उन्हाळा लांबल्यानं चारा वाढतो, कळपही काही ठिकाणी वाढलेत, हेही खरं. पण एका वाईट हिवाळ्यात ती सगळी कमाई जाते. काही रेनडिअर मग किनाऱ्यावर उतरून समुद्री शेवाळ चघळतात. ते त्यांचं अन्न नव्हे, नाइलाज आहे.

परतीच्या वाटेवर फ्योर्ड दिसला, डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. मार्चमध्येही उघडं, काळं पाणी. सीलची मादी गोठलेल्या फ्योर्डवरच्या हिमात बीळ करून पिल्लू घालते आणि अस्वलीण तीच बिळं हुंगत फिरते. बर्फच नसेल तर दोघींची पंचाईत. ते पाणी पाहून माझ्या पोटात कालवलं.

मला मात्र ती मादीच आठवत राहिली. डोक्यावर शिंगं होती. नरांची हिवाळ्याच्या सुरुवातीलाच गळतात. गाभण मादीची वसंतापर्यंत टिकतात. जूनमध्ये वीण. आम्ही निघालो तेव्हा तिनं ती जागा सोडून दहा पावलांवर पुन्हा खरवडायला घेतलं होतं.