ईमच्या वेशीवरचा दगड

डर्बीशायरच्या डोंगरातल्या या गावाच्या नावाचा उच्चार ‘ईम’ असा करतात, हे मला शेफील्डहून येताना बसमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी सांगितलं. उतरले तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दगडी घरं, दारात गुलाब, आणि चर्चशेजारच्या घरांवर पाट्या. त्या घरात प्लेगने कोण कोण गेलं, त्यांची नावं.

१६६५ च्या सप्टेंबरमध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं. त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असं गावात सांगतात. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली यांनी गावाला एक गोष्ट पटवली: वेशीबाहेर कुणी जायचं नाही, म्हणजे शेजारची गावं वाचतील. साथ संपेपर्यंत सुमारे २६० माणसं गेली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही त्यात गेली. आपल्याकडे प्लेगात लोक गाव मोकळं करून माळावर झोपड्या टाकून राहत. इथले लोक मात्र गावातच थांबले, मरण दारात उभं असताना. मला हे पुस्तकात वाचून कधीच कळलं नसतं.

स्टोनी मिडलटनच्या पायवाटेवर वेशीचा दगड आहे. बसका, शेवाळलेला, वर सहा भोकं. बाहेरचे लोक इथे अन्न ठेवत आणि गावकरी, रोग पैशांबरोबर बाहेर जाऊ नये म्हणून, भोकांत व्हिनेगर घालून त्यात पैसे बुडवून ठेवत. मी एका भोकात बोट घातलं. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. आत पावसाचं पाणी, एक कुजकं पान आणि कुणीतरी टाकलेलं नाणं होतं. बोट बराच वेळ बाहेर काढावंसं वाटेना.

गावाबाहेर रायली नावाच्या जागी, उघड्या शेतात, कबरी आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे पुरली, एकटीने. घरातल्या माणसाला घरच्यांनीच पुरायचं, असंच तेव्हा ठरलं होतं. गोल दगडी कुंपणाच्या आत ते दगड अजून आहेत. मी एकेक नाव हळू आवाजात वाचलं. आठ दिवस तिने खड्डे कसे खणले असतील, हातांना किती फोड आले असतील, हेच डोक्यात फिरत राहिलं.

कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या. परतीची बस मी जाऊ दिली.