पाठकोऱ्या कागदावरचं गणित

दिवस 3

नवऱ्याला नागीण उठली होती, एवढंच. बरगडीपासून पाठीपर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा, नुसता सदरा टेकला तरी तो कळवळायचा. वय 38. "या वयात नागीण?" असं पुटपुटत डॉक्टरांनी त्याला आ करायला लावलं, जिभेवरचा पांढरा थर बघितला, वजन किती उतरलंय ते विचारलं आणि रक्ताच्या तपासण्यांत एक वाढवली. आधी त्याची परवानगी घेतली. तो हो म्हणाला तेव्हा मी शेजारी बसून मोबाईल चाळत होते.

एक तपासणी झाली, मग वेगळ्या पद्धतीची दुसरी, मग तिसरी. तिन्हींचं उत्तर एकच.

परवा संध्याकाळी त्याने दारातच सांगितलं. हेल्मेट डोक्यावर तसंच. "एचआयव्ही आहे मला." मी म्हणाले, "आधी हेल्मेट काढ."

अशा वेळी काय बोलावं याचा विचार माणूस पुढे कधीतरी करतो. त्या वेळी तोंडाला येईल ते बोलतो. तो म्हणतो की त्या वाक्याने त्याला बरं वाटलं. मला मात्र ते आठवलं की कानशिलं तापतात.

दिवस 5

आज माझी तपासणी. निगेटिव्ह. पण ताज्या लागणीत तपासणीत काही दिसायला वेळ लागतो, म्हणून 3 महिन्यांनी पुन्हा. समुपदेशक बाईंनी हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्या माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होत्या.

स्वतःचं कळलं तेव्हा तो रडला नव्हता. माझा कागद हातात आल्यावर बाहेरच्या बाकावर बसला आणि तोंडावर फाईल धरून रडला. मी पाठीवर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले. पाठीवर नागीण. कुठे हात ठेवायचा ते कळेना, शेवटी त्याच्या बुटावर माझा बूट टेकवून बसले.

माझ्या मनात त्या क्षणी काय होतं? सुटल्याची भावना. नुसती, उघडी, आपमतलबी सुटका. इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही.

दिवस 7

गोळ्या सुरू झाल्या. तीन औषधं मिळून रोजची एक गोळी: टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर. मला मूठभर गोळ्यांची भीती होती. शिवाय काही महिन्यांपुरती एक जादा गोळी, दुसरे जंतुसंसर्ग होऊ नयेत म्हणून. त्याआधी टीबी नाही ना हे बघायला छातीचा एक्स-रे.

सीडी4, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा, 186. निरोगी माणसाचं साधारण 500 ते 1500 असतं. 200 च्या खाली गेलं की त्याला एड्स म्हणतात. डॉक्टरांनी हा शब्द उच्चारला नाही, तो मी घरी येऊन वाचला आणि लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी सरळ विचारलं. ते म्हणाले, आकडा आज कुठे आहे याचं ते नाव आहे. औषधाने आकडा चढतो. पूर्वी सीडी4 ठरावीक रेषेखाली घसरेपर्यंत औषध सुरूच करत नसत. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, आकडा कितीही असो, निदान झालं की औषध द्या.

दिवस 9

न्हाणीघरात प्लॅस्टिकचा एक डबा अवतरला आहे. त्यात त्याचं रेझर, नेलकटर, टूथब्रश आणि साबण. वर त्याचा पाण्याचा पेला उपडा. टॉवेल वेगळ्या खुंटीवर, माझ्या टॉवेलपासून हातभर लांब. मला न सांगता, रात्री कधीतरी केलेलं.

मी डब्यासमोर बराच वेळ उभी होते. रेझर आणि ब्रश वेगळे ठेवायचे हे बरोबर आहे, त्यांना रक्त लागू शकतं; आणि खरं तर ते सगळ्याच घरांत वेगळे असावेत. पेल्याचा मात्र काही संबंध नाही. थुंकीने, घामाने, मिठीने, एका टॉवेलने हा विषाणू जात नाही. हे त्यालाही ठाऊक आहे, समुपदेशक बाईंसमोर मान हलवली होती की त्याने. पण ठाऊक असणं दिवसाचं आणि डबा रात्रीचा.

पेला आणि साबण बाहेर काढले, टॉवेल जागेवर आणला. रेझर, ब्रश, नेलकटर राहू दिले. काही बोलले नाही. सगळाच डबा फेकला असता तर सिनेमातल्यासारखं दिसलं असतं, पण ते खोटं झालं असतं.

संध्याकाळी पेला परत डब्यावर. सकाळी मी परत खाली. असं चार दिवस चाललं.

दिवस 13

आज जे केलं त्याची लाज वाटते, आणि तरी करणं भागच होतं.

लाईट बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर गणित मांडलं. उपचार न घेता लागण ते सीडी4 200 च्या खाली, याला सरासरी 8 ते 10 वर्षं लागतात असं वाचलं. आमच्या लग्नाला 9 वर्षं झाली. म्हणजे लग्नाआधीचं असू शकतं. पण ही सरासरी. कुणाचं तीन-चार वर्षांतच घसरतं. म्हणजे लग्नानंतरचंही असू शकतं. मग दुसरी बाजू: त्याला इतकी वर्षं असेल तर मला कसं नाही? तर तेही होऊ शकतं. पुरुषाकडून बाईकडे, निरोधशिवाय, साधारण 10,000 वेळांमागे 8 वेळा लागण असा अंदाज देतात. रक्तात विषाणू जास्त असेल तर धोका वाढतो. पण सरासरी एवढी कमी.

कागद भरला. उत्तर आलं नाही. 8 ते 10 च्या बरोबर मधोमध आमचं लग्न उभं. जणू कुणी मुद्दाम आकडे असे निवडलेत की मला काहीच ठरवता येऊ नये.

डॉक्टरांना आडून आडून विचारलं होतं. त्यांना सवय असावी. "सीडी4वरून तारीख काढता येत नाही," म्हणाले, आणि पुढचा पेशंट बोलावला.

कागद फाडून टाकला. बिल अजून भरायचं होतं हे नंतर लक्षात आलं.

दिवस 20

झोप नाही. त्याला, म्हणून मलाही. दोन वाजता तो गॅलरीत, मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून. मी धरून चालले होते की मनावरचा ताण. दवाखान्यात फोन केला तेव्हा सहज म्हणून सांगितलं तर तिकडून विचारलं, गोळी किती वाजता घेता? रात्री 9. मग सकाळी घेऊन बघा, डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते.

ज्याला मी दोन आठवडे दुःख समजत होते त्यातलं बरंचसं गोळीचं वेळापत्रक निघालं. सगळं नाही. पण बरंचसं. सकाळी 8 चा गजर लावला आणि चौथ्या रात्री तो चक्क घोरला. इतकी वर्षं मी त्या घोरण्यावर चिडत आले.

आणखी एक: तो पित्तासाठी अधूनमधून अँटासिड चघळतो. ते चालणार नाही. अँटासिड, लोह, कॅल्शियम या गोळीला शोषू देत नाहीत. गोळी आधी घ्यायची आणि 2 तासांनी ते, किंवा त्यांच्यानंतर 6 तासांनी गोळी. हे मी फ्रिजवर चिकटवलं. त्याने काढून खिशात ठेवलं. "घरी कुणी आलं तर?"

दिवस 26

ताईचा फोन. "बरा आहे ना तो? आवाज बसल्यासारखा वाटला." मी म्हणाले, नागिणीनंतरचा अशक्तपणा. तीन आठवड्यांतलं माझं कितवं खोटं ते मोजणं सोडून दिलं आहे. वाईट याचं वाटतं की आता ते सफाईदार व्हायला लागलं आहे.

ही बातमी त्याची. कुणाला सांगायची, कधी, सांगायची की नाही, हे त्याचं. मला मान्य आहे, अगदी तत्त्व म्हणून. पण मी या बातमीच्या आत राहते. माझी झोप, माझं अंथरूण, माझं रक्त तिच्यात आहे. आणि मला ती कुणाशी बोलायची सोय नाही. आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याने खंबीर राहावं म्हणतात. म्हणणाऱ्यांना निदान शेजारणीला आजाराचं नाव तरी सांगता येत असतं.

रात्री त्याला म्हणाले, "एका माणसाला सांगू दे मला. एकाच."

"विचार करून सांगतो," म्हणाला. आणि कुशीवर वळला.

दिवस 34

आज त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद, काचा वर. "तू विचारत का नाहीस?"

मी खरं तेच सांगितलं. भीती वाटते. तू सांगशील ते मला न आवडण्याची भीती आहेच, पण त्याहून जास्त भीती याची की तू सांगशील आणि माझा विश्वास बसणार नाही. मग आपण दोघं काय करायचं?

त्याने सांगितलं. तेवढा वेळ समोरच्या काचेकडे बघत. माझा विश्वास बसला का? बराचसा. त्याने काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. ही वही माझी असली तरी ते त्याचं आहे.

मी चिडले. सांगून झाल्यावर तासभराने, घरी पोचल्यावर, कपाटाचं दार जोरात लागलं त्यावरून. आणि चिडल्यावर लक्षात आलं की महिनाभर मी त्याच्याशी नर्ससारखी वागत होते. नर्स चिडत नाही. तोही उलट चिडला. आठवडे लोटले होते आम्हाला असं भांडून.

रात्री म्हणाला, "सांग एकाला. पण कोणाला ते आधी मला सांग."

"ताईला."

"ताई नको." थोडं थांबून, "तुमच्या घरात माझ्याशी टिंगलटवाळी करणारी ती एकटीच आहे. ती आदराने बोलायला लागली तर मी मरेन."

म्हणून मग मैत्रीण.

दिवस 36

मैत्रिणीला सांगितलं. तिने माझा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं आणि विचारलं, "पण त्याला झाला कसा?"

पहिलाच प्रश्न. "दुखतं का" नाही, "औषध मिळालं का" नाही, "तू झोपतेस का" नाही. आणि मला तिचा राग येऊ शकला नाही, कारण ती प्रश्नाशी जिथे पोचली होती तिथे मी पाठकोरा कागद घेऊन आधीच जाऊन आले होते.

"ते त्याचं तो सांगेल," म्हणाले. या वाक्याचा पुढे खूप उपयोग होणार असं दिसतं.

दिवस 43

निरोध, आणि माझ्यासाठी रोजची एक प्रतिबंधक गोळी, प्रेप म्हणतात ती: त्याच्या रक्तातला विषाणू दबेपर्यंत ही सोय आहे असं सांगितलं गेलं. मी तूर्त नको म्हणाले. तसंही आमच्यात कुणी कुणाला हात लावत नव्हतं.

आज ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासाबद्दल वाचलं. युरोपातला, 2016 साली छापून आलेला. 888 जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही, एकाला नाही. ज्याला आहे त्याचा विषाणू औषधाने दबलेला. निरोधशिवायचे संबंध सुमारे 58,000 वेळा. जोडीदाराकडून जोडीदाराला झालेली लागण: शून्य. 2019 मध्ये पुरुष जोडप्यांवरचा पुढचा भाग आला, त्यातही शून्य.

त्याला वाचून दाखवलं. शून्यावर तो थांबला, परत वाच म्हणाला.

मी मात्र दुसऱ्याच ओळीवर अडकले होते. 888 पैकी 11 जोडप्यांत निगेटिव्ह असलेल्याला अभ्यासाच्या काळात लागण झालीच. पण विषाणूंची जनुकीय तुलना केली तेव्हा तो घरचा नव्हता, बाहेरचा होता. शास्त्रज्ञांना हायसं वाटलं असणार. त्या 11 घरांत त्या संध्याकाळी काय झालं असेल? निदान त्यांना उत्तर मिळालं. माझ्यासारखं गणित घालत बसावं लागलं नाही. ते बरं की हे, मला ठरवता येत नाही.

दिवस 97

माझी दुसरी तपासणी. निगेटिव्ह. या वेळी तो रडला नाही, "भूक लागली" म्हणाला.

पेला कधीचा ओट्यावर आहे. नक्की कधीपासून ते दोघांच्याही लक्षात नाही. डबा आहे, रेझर त्यात.

दिवस 188

व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती त्याचा आकडा. सुरुवातीला मिलिलिटरमागे 1,40,000 होता. आज कागदावर: 20 पेक्षा कमी. सीडी4 340. डॉक्टर म्हणाले, गोळी चुकवू नका, पुढची तपासणी ठरल्या वेळी, आणि मूल हवं असेल तर त्याबद्दलही बोलता येईल. मुलाचं आम्ही काहीच बोललो नाही. गाडीत बसल्यावरही नाही. पण त्याने गिअर टाकल्यावर हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि पुढच्या सिग्नलपर्यंत उचलला नाही.

दिवस 189

सकाळी 8 ला ताईचा फोन. "कसा आहे तो?" "बरा आहे," म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर कळलं की आज खोटं बोलले नाही. "दे त्याला."

त्याने खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरला. पलीकडून काहीतरी त्याच्या सुटलेल्या पोटावरून चाललं असावं. वजन खरंच वाढलंय, गोळीनेही वाढतं म्हणतात. खिशातला गजर वाजला. त्याने तो चाचपून बंद केला, बाटली हलवली, आतली ओलावा शोषणारी डबी खुळखुळली.

"एक मिनिट हं ताई." गोळी, घोटभर पाणी. "हं. बोला आता, काय म्हणत होता माझ्या पोटाबद्दल?"