परतीचे दोर आणि फोडलेली भांडी

चेंगदूतल्या आमच्या घरमालकिणीला मी 'आयी' म्हणते. चिनीत आयी म्हणजे मावशी, पण हाक मारताना दरवेळी मला घरचीच आठवण येते. परवा भाजी परतता परतता ती म्हणाली, "पोराने नोकरी सोडली. पुढे शिकायचंय, प्रवेशपरीक्षेला बसतोय. पो फू छन चोउ!" मला काही कळेना. तिने कालथा कढईवर टणकन आपटला. "हे फोडायचं आणि नाव बुडवायची."

मला तिथल्या तिथे सिंहगड आठवला. १६७० साल, तानाजी पडलेला, मावळे मागे फिरलेले आणि सूर्याजीची गर्जना, दोर कापून टाकलेत!

या चिन्यांची गोष्ट इसवी सनपूर्व २०७ची, पुढे हान सम्राटांच्या काळातल्या स-मा छ्येन या इतिहासकाराने लिहून ठेवलेली. छिन साम्राज्याच्या सैन्याने च्यूलू शहराला वेढा घातला होता. सोडवायला निघालेला छू राज्याचा सेनापती वाटेतच ४६ दिवस तळ ठोकून बसला. वर धो धो पाऊस, कडाक्याची थंडी, शिपाई अर्धपोटी. शेवटी हाताखालच्या श्यांग यूने त्यालाच मारलं, सैन्य चांग नदीपार नेलं, नावा बुडवल्या, राहुट्या जाळल्या, शिजवायची भांडी फोडली. बरोबर शिधा फक्त तीन दिवसांचा. नऊ लढाया झाल्या आणि वेढा मोडला. मदतीला आलेली बाकीची सैन्यं आपापल्या तटांवरून नुसती बघत होती. त्यावरूनही चिनीत एक वाक्प्रचार आहे, आपल्या 'काठावर बसून गंमत बघणे'सारखा.

मला मात्र ती भांडीच जास्त भिडतात. दोर कापले की वाट बंद होते. भांडं फोडलं की मुदतही ठरते, कारण चौथ्या दिवशी चूल पेटणारच नाही. आणि आधीच अर्धपोटी राहिलेल्या माणसांसमोर हे करायचं!

पाच वर्षांनी श्यांग यू हरला. वू नदीच्या काठी एक माणूस त्याच्यासाठी नाव घेऊन उभा होता, पलीकडे त्याचा स्वतःचा मुलूख. तो चढला नाही. आपल्याबरोबर गेलेल्यांपैकी एकही परतला नाही, त्यांच्या बाप-भावांना तोंड कसं दाखवू, म्हणाला. घोडा त्या नाववाल्याला देऊन टाकला आणि पायी लढत राहिला.

आयीच्या मुलाची परीक्षा डिसेंबरात आहे. तोवर मी तिच्यासमोर हा भाग काढणार नाही.