कलम दोन, नाकबूल

वकिलीची सनद मिळून चारच महिने झाले होते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात सरांच्या हाताखाली तारखा घेणं, वकीलपत्राला तिकीट लावणं, नकलेचा अर्ज देणं, एवढंच काम. त्या दिवशी पहिल्यांदा कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, काढायला मिळाली. वाटपाचा दावा, धाकट्या भावाने थोरल्यावर लावलेला. आमचे पक्षकार थोरले, 75 वर्षांचे आजोबा. त्यांचं म्हणणं, वडील असतानाच तोंडी वाटप झालं, तेव्हापासून बांधही वेगळे. समन्स लागून 28 दिवस झालेले. कैफियत द्यायची मुदत 30 ची.

जुन्या फायलीतून एक कैफियत काढली आणि भाषा उचलली (कलम म्हणजे इथे दाव्यातला परिच्छेद): 'दावा कलम 1 ते 9 मधील संपूर्ण मजकूर खोटा व खोडसाळ असून या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' काय रुबाबदार वाटलं!

संध्याकाळी आजोबा सहीला आले. शेवटी प्रतिज्ञालेख असतो, अमुक कलमं माझ्या माहितीप्रमाणे खरी म्हणून. "आधी वाचून दाखवा," म्हणाले. पहिल्याच वाक्याला हात वर केला.

"त्याच्या दुसऱ्या कलमात काय आहे?"

वंशावळ होती. दोघे एकाच बापाचे.

"मग ते खोटं कसं, ताई? भाऊच आहे तो माझा."

सर ऐकत होते. हसले नाहीत, तेच वाईट. "अगं, भाऊच नाही म्हटलंस, तर वाटप कुणाशी झालं?" मग दिवाणी प्रक्रिया संहितेतली कैफियतीबद्दलची ऑर्डर 8 समोर ठेवली. मोघम नकार चालत नाही; एकेक विधान नेमकं नाकारायचं, राहिलं तर ते कबूल धरलं जाऊ शकतं. म्हणजे मी खरं ते नाकारलं होतं आणि नाकारायचं ते धड नाकारलंच नव्हतं.

पुन्हा बसले. कलम 1, गट नंबर आणि चतुःसीमा: सातबाऱ्याशी ताडून बरोबर. कलम 2: बरोबर. कलम 4, 'मिळकत आजही एकत्र': इथेच दीड पान गेलं. वाटप कधी, कुणासमोर, कुठला तुकडा कुणाला. आजोबांना साल आठवेना. "धाकट्याच्या लग्नानंतरचा पहिला पावसाळा," म्हणाले. लग्नाचं साल मात्र तोंडपाठ! मी साक्षीदार काय सांगतील तेही लिहू लागले, तर सरांनी रेघ मारली. कैफियतीत घटना लिहायच्या, पुरावा नंतर.

साडेनऊला प्रिंट निघाली. आजोबांनी सावकाश सही केली, पेन परत दिलं आणि विचारलं, "याची प्रत त्याला जाणार ना? दुसरं कलम वाचेल ना तो?"